मोहरीचा दाणा

आपल्या या पानांवर आजवर पुष्कळांची उलटतपासणी झाली. कुणाची कविता आपली, कुणाची नाही, कोण प्रस्थापितांच्या ओसरीवर जाऊन बसला, सगळं झालं. ते व्हायलाच पाहिजे होतं. आज मी ज्या पुस्तकांवर लिहितोय ती आपण आपली मानत नाही. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, पंडिता रमाबाईंनी लिहिलेली आपल्या श्रद्धेची साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तिन्ही पुस्तकं ख्रिस्ती माणसांची. तिन्हीत जिवाभावाची माणसं मरतात आणि मागं उरलेली बाई ख्रिस्ताच्या पायाशी जाऊन बसते.

तुम्ही म्हणाल, गड्या, तिसरी पाळी करून, कापसाच्या धुळीनं लाल झालेले डोळे चोळत हे वाचायची तुला काय गरज पडली? गरज पडली. ती आधी सांगतो, मग पुस्तकांकडं येतो. मी दहावीपर्यंत शिकलेला, सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करणारा माणूस. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. पण कुठलं सूत पक्कं आणि कुठलं नुसतं फुगलेलं, एवढं बोटाला कळतं. त्या बोटानंच ही पुस्तकं चाचपली.

माझी आत्या नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आत्याच्या तोंडी अजून नगरच. २०२१ च्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा नवरा गेला. त्याच्या अकराव्या दिवशी पोरगा गेला, माझा आतेभाऊ. पोरगा तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात होता. ऑक्सिजन येतोय, येतोय असं रात्रभर सांगत राहिले. आला तेव्हा खाट रिकामी झाली होती. प्रेत घरी दिलं नाही. आत्यानं लेकाचं तोंड पाह्यलं नाही.

त्या दिवसांत तिच्या दाराशी कोण गेलं? भावकी घाबरलेली होती, भावकीला मी दोष देत नाही. गाव एरवीही आपल्या वस्तीत येत नाही. मी इकडं गिरणीच्या खोलीत अडकलेला. वस्तीच्या पलीकडं एक लहानसं चर्च आहे, पत्र्याचं. तिथल्या दोन म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर बांधून रोज संध्याकाळी भाकरी-कालवण घेऊन यायच्या. ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि अंगणात लांब बसायच्या. बोलायच्या नाहीत फार. अंधार पडला की उठून जायच्या. दीड महिना असंच चाललं. मग एक दिवस त्यांतल्या एकीनं विचारलं, प्रार्थना करू का? आत्या म्हणाली, करा.

आता आत्या दर रविवारी चर्चला जाते. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो जागच्या जागी आहे. खाली फळीवर नवा करार. बाप्तिस्मा मात्र तिनं घेतलेला नाही. का? तर नातवाच्या दाखल्याचं काही बिघडंल म्हणून. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात फक्त हिंदू धरले होते. १९५६ साली शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले. दलितातून ख्रिस्ती झालेला माणूस अजून बाहेर आहे. आपणसुद्धा चौतीस वर्षं केंद्राच्या त्या दाराबाहेर उभे होतो, हे आपण लवकर विसरलो. म्हातारीनं कुणाच्या नावानं रडायचं यावर सरकारी कागदाची नजर आहे, ही गोष्ट आपल्या एका तरी कवितेत आली आहे का?

दोन वर्षांनी १४ एप्रिलला आम्ही तिघं कार्यकर्ते गावी गेलो. आत्याची हकिकत कळलीच होती. माझ्या सोबत्यानं तिला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या, धर्मांतराचा इतिहास सांगितला, आणि शेवटी म्हणाला, आत्याबाई, तुम्ही बाबासाहेबांशी गद्दारी केली. मी गप्प बसलो. तो गप्पपणा मला अजून टोचतो. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. चहा पुढं सरकवला आणि म्हणाली, “आलं ध्यानात. पन तव्हा तुमी कुठं व्हता रं?”

या एका प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून मी वाचायला बसलो. पुस्तकांना विचारायचा प्रश्न एकच होता : माणूस मेल्यावर ख्रिस्ताच्या नावानं जो धीर मिळतो तो खरा की फसवा? आणि खरा असेल तर तो कशातून येतो?

पहिलं पुस्तक ‘यमुनापर्यटन’. साल १८५७. मराठीतली पहिली कादंबरी असा तिचा मान. पदमनजी कासार जातीचे, १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेतलेले. गोष्ट अशी की यमुना मनानं ख्रिस्ताकडं झुकलेली, नवरा विनायकराव समंजस. दोघं प्रवास करतात आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतात. पुढं विनायकरावच मरतो आणि यमुना स्वतः विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

पदमनजींची हिंमत मोठी, ती मान्य. १८५७ साली विधवेचं दुःख कादंबरीचा विषय करणं म्हणजे खेळ नव्हे. पण सूत फुगलेलं आहे. यमुनेचं दुःख संपायला पदमनजींना घाई झालेली आहे. नवरा मेला, श्रद्धा भेटली, दुसरा नवरा भेटला, पुस्तक मिटलं. मेलेला माणूस रात्री-अपरात्री आठवतो, त्याची पायताणं दाराआड तशीच राहतात, पगाराच्या दिवशी पोट ढवळतं, यातलं काही नाही. इथं धीर हा औषधाच्या बाटलीसारखा येतो. प्या आणि बरे व्हा. कादंबरीला वाचकाला दाखवायचं होतं की हा धर्म चांगला. म्हणून मेलेला माणूस पुराव्यासारखा वापरला गेला.

दुसरी गोष्ट. या पर्यटनात भेटतात त्या विधवा सोवळ्यात कोंडलेल्या घरांतल्या. त्यांच्या डोक्यावर न्हाव्याचा वस्तरा टांगलेला. आपल्या आज्या-पणज्यांत पाट लागत होता. आपल्या विधवेला वस्तऱ्याचं भय नव्हतं, भाकरीचं होतं. आणि ही बाई तेव्हा कुणाच्याच ध्यानात नव्हती असंही नाही. यमुनेच्या दोनच वर्षं आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात हे लिहिलं. तो छापला कुणी? ‘ज्ञानोदय’नं, म्हणजे ख्रिस्ती मिशनच्याच पत्रानं. म्हणजे दार उघडं होतं. पण पहिली कादंबरी त्या दारातून मांगवाड्यात शिरली नाही.

दुसरं पुस्तक रमाबाईंची साक्ष. इथं बोट थबकतं. ही बाई कल्पनेतली नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, बाप, थोरली बहीण अशी पाठोपाठ गेली. हे घर शास्त्री-पुराणिकाचं. व्रतं केली, तीर्थं केली, होतं नव्हतं ते दानधर्मात घातलं, आणि देवळातला देव हलला नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच साली तिनं जात मोडून बिपिन बिहारी मेधावींशी नोंदणी लग्न केलं. १८८२ साली तेही पटकीनं गेले. कडेवर तान्ही मनोरमा. रमाबाईंचं वय चोवीस पुरं नव्हतं. १८८३ साली इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला.

एवढं वाचून वाटतं, झालं, एकटी पडली म्हणून देव धरला. पण ती स्वतः काय सांगते? तिच्या मनावर ठसा उमटला तो लंडनजवळ फुलम इथं ख्रिस्ती भगिनींनी चालवलेल्या आश्रमाचा. समाजानं ‘पतित’ म्हणून फेकून दिलेल्या बाया तिथं होत्या आणि त्यांना मायेनं वागवत होते. तिनं विचारलं, हे कशामुळं? तेव्हा तिला शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. येशू विहिरीपाशी बसतो आणि ज्या जमातीच्या भांड्याचं पाणी यहुदी घेत नसत, त्या जमातीच्या बाईपाशी पाणी मागतो. मित्रांनो, २० मार्च १९२७ ला महाडात ओंजळभर पाणी प्यालेल्या माणसांच्या नातवंडांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे रमाबाईंना धीर मिळाला तो ‘तुझी माणसं स्वर्गात भेटतील’ या वचनातून नव्हे. टाकून दिलेल्या बाईला कुणीतरी जवळ घेतलं, हे डोळ्यांनी दिसलं, त्यातून. आणि तो धीर तिनं स्वतःपुरता ठेवला नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी पोरीबाळी, विधवा घेऊन आली. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. जी दुष्काळात पोरकी झाली तिनं दुष्काळातल्या पोरक्यांचं घर बांधलं. १९२१ साली मनोरमाही गेली. आयुष्यात उरलेलं एकुलतं माणूस. म्हातारी रमाबाई बायबलाच्या मराठी भाषांतराला चिकटून राहिली आणि पुढच्याच साली, एप्रिल १९२२ मधे, गेली. ते भाषांतर तिच्यामागं छापून पुरं झालं, तिच्याच आश्रमाच्या छापखान्यात.

पुण्याचे शास्त्री तिच्यावर तुटून पडले तेव्हा तिची बाजू घ्यायला पुढं कोण आलं? जोतीराव. १८८५ च्या ‘सत्सार’मधे. जोतीराव काही ख्रिस्ती नव्हते. पण दुःखातून उठून स्वतःच्या पायांनी चालत गेलेल्या बाईला गद्दार म्हणायचं नसतं, हे त्यांना कळत होतं. आत्याच्या ओसरीवर चहा पिताना मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी गप्प बसलो नसतो.

तिसरं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागानं निघालं. मराठीतलं हे सगळ्यात खरं पुस्तक आहे असं माझं मत झालंय, आणि ते कोकणस्थ ब्राह्मण घरातल्या बाईनं लिहिलं म्हणून मी मत बदलणार नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेलेली नाही. नवऱ्यानं घरी शिकवलं तेवढंच. तिचं वाक्य बोलण्यासारखं चालतं. माझ्यासारख्या स्वतःच शिकलेल्याला ते वाक्य जवळचं वाटतं.

या पुस्तकाची गंमत अशी की इथं ख्रिस्त धीर द्यायला येत नाही, तो पहिल्यांदा घाव घालायला येतो. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. बायकोला नवरा जिवंत असून गेला. घरात मरण झाल्यासारखा आकांत. पुढं चार-पाच वर्षं ती माहेरच्यांच्या, बहिणीच्या आधारानं काढते. मग ती नवऱ्याकडं नांदायला जाते, पण धर्म बदलून नव्हे. ख्रिस्ती लोकांत राहून तिचं पाणी वेगळं, चूल वेगळी. सोवळं हळूहळू, रोजच्या जगण्याच्या धबडग्यात सुटत जातं. जात देवानं केली नाही, माणसानं केली, हे तिला कुणाच्या प्रवचनातून नाही, स्वतःशी वाद घालून उमगतं. १९०० साली ती बाप्तिस्मा घेते.

या घरानं लेकरांची मरणं सोसली. टिळकांनी मुलाच्या मरणावर ‘बापाचे अश्रू’ ही विलापिका लिहिली. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. ‘स्मृतिचित्रे’ त्यानंतर पंधरा वर्षांनी आलं. ते अख्खं पुस्तक म्हणजे एका बाईचं नवऱ्यासाठी केलेलं रडणं आहे. पण कसं? हसत हसत. टिळकांचा संताप, हातातला पैसा वाटून टाकायची खोड, कुठलीही पोरकी पोरं घरी आणून बायकोच्या पदरात टाकायची रीत, सगळं ती सांगते. मेलेल्याला देव करत नाही. आपल्यात पुढारी मेला की दुसऱ्या दिवशी त्याचा पुतळा होतो आणि त्याच्या चुका सांगणारा गद्दार. लक्ष्मीबाईनं नवऱ्याला माणूस ठेवला, म्हणून तो तिच्यापाशी राहिला. आणि श्रद्धा कुठं आहे या पुस्तकात? शोधावी लागते. ती वाढलेल्या ताटात आहे, आणलेल्या पोराच्या डोक्याला लावलेल्या तेलात आहे. मेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम हातात घेण्यात आहे : टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अपुरं सोडलं, ते बाईनं पुरं केलं.

तर पुस्तकांचा निकाल असा. पदमनजी धीर सांगतात, रमाबाई आणि लक्ष्मीबाई तो करून दाखवतात. सांगितलेला धीर फुगलेलं सूत आहे, ताण पडला की तुटतो. केलेला धीर टिकतो.

हे सगळं मी पुन्हा गावी जाऊन आत्याला सांगितलं. म्हटलं, आत्या, तुला त्यात नेमकं काय आवडलं? माझी समजूत होती ती लाजराची गोष्ट सांगेल. मेलेला लाजर चार दिवसांनी कबरीतून उठतो. तीच सांगितली. पण म्हणाली, “उठवला ते ऱ्हाऊ दे. ते खरं आसंल, खोटं आसंल. माझा काय उठनार न्हाई. पन उठवायच्या आदी तो त्या भैनींसंगं रडला की रं.”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ते आहे. इतकी वर्षं पाद्री चमत्कारावर बोलत आले. माझ्या निरक्षर आत्यानं चमत्कार बाजूला काढला आणि रडणं उचललं. याला समीक्षा म्हणतात. आपण कशाला म्हणतो?

जुन्या करारात ईयोबाची गोष्ट आहे. त्याची सगळी लेकरं एका दिवसात मरतात. तिघं मित्र येतात. सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्यासंगं बसतात, कुणी शब्द काढत नाही. तोवर ते खरे मित्र. मग बोलायला लागतात, तुझं काहीतरी चुकलं असणार म्हणतात, आणि सगळं नासवतात. शेवटी देव त्या मित्रांनाच झापतो. हे वाचताना आम्ही तिघं आत्याच्या ओसरीवर बसलेलो मला दिसलो. फरक एवढाच की आम्ही ते आधीचे सात दिवस वगळले आणि थेट भाषणाला सुरुवात केली.

आता कुणी म्हणेल, हा बाटला, चर्चचा प्रचार करायला लागला. तर तेही ऐका.

आत्याच्या घरी प्रार्थनेला आलेल्या पाद्र्यानं सांगितलं, देवाची इच्छा होती. इथं माझं डोकं तापतं. ऑक्सिजन वेळेवर आला नाही ही देवाची इच्छा? बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना नेमकं इथंच बोट ठेवलंय. हिंदू असताना त्याला सांगितलं, तुझी ही दशा तुझ्या पूर्वकर्मानं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, आदिमानवाच्या पापानं. दोन्हीकडं भोवतालची समाजरचना सुटली आणि माणूस अडकला. जो धीर ‘कुणामुळं मेला’ हा प्रश्न विचारू देत नाही, तो धीर नाही, तोंड दाबणं आहे.

आणि ख्रिस्ताच्या घरात जात मेली असंही नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या कबरींमधे भिंत घातली गेली. मेल्यावरही भिंत. ती पाडा म्हणून तिथले दलित ख्रिस्ती भांडत आले. शोमरोनी बाईपाशी पाणी मागणाऱ्याच्या नावानं ही भिंत! आपल्या गावात स्मशानं दोन आणि त्यांच्यात मधे भिंत, सांगा काय निवडायचं?

म्हणून मी आत्याला चर्च सोड म्हणत नाही आणि तुम्हाला चर्च धरा म्हणत नाही. मी विचारतोय, आपण काय करतो?

१९२६ साली बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. चार लेकरं त्यांनी मातीत घातली. त्या दुःखात कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना त्यांनी पत्र लिहिलं. त्यात लेकरांबरोबर आयुष्यातलं मीठच गेलं असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना आधार कशाचा घेतात? बायबलातल्या मिठाच्या वचनाचा. डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वचन. पुढं दुसऱ्याच वर्षी महाडचं तळं पेटवणारा माणूस, लेकरू गेल्यावर मिठासाठी बायबल उघडतो. तेव्हा तो काय ख्रिस्ती झाला? तो रडत होता आणि रडायला शब्द शोधत होता. जिथं मिळाला तिथून घेतला. त्याला आपण गद्दार म्हणणार का? मग आत्याला कोणत्या तोंडानं म्हणालो?

अजून एक. ६ डिसेंबर १९५६. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर चितेसमोर जमलेल्या लोकांनी तिथंच, लाखाच्या घरात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. डोळ्यांत पाणी असताना घेतली. आपल्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोक हा आपल्या धर्मांतराचाच भाग आहे. शोकात धर्म धरणं कमीपणाचं असेल तर आधी आपल्या आजोबांना हसा.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधे बाबासाहेबांनी एक मोठं धाडस केलं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही जुनी कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण, त्यातून गृहत्याग, असं मांडलं. म्हणजे दुःखाचं मूळ समाजात शोधलं. आपण ते उचललं आणि बरोबर उचललं. पण त्याच पुस्तकात त्यांनी किसा गौतमीची गोष्टही ठेवली, ती आपण गाळली. लेकरू मेलेली बाई प्रेत घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरची मोहरी आण.

ही गोष्ट मरण अटळ आहे हे शिकवते, असं शाळेत सांगतात. मी ती आत्याच्या बाजूनं पुन्हा वाचली. बुद्ध तिला प्रवचन देत नाहीत. तिला दारोदार पाठवतात. प्रत्येक दारात एक बाई उभी राहते आणि म्हणते, मोहरी आहे गं, पण माझाही गेला. मोहरी मिळत नाही, माणसं मिळतात. येशूच्या तोंडीही मोहरीचा दाणा आहे. सगळ्यात बारका दाणा पेरला की त्याचं एवढं झाड होतं की पाखरं फांद्यांवर येऊन बसतात. एका दाण्यानं कळतं की मी एकटी नाही. दुसऱ्या दाण्यानं वाटतं की अजून काही उगवंल. आत्याला दोन्ही लागतात. २०२१ साली पहिला दाणा मागायला ती कुठल्या दारात जाणार होती? दारं बंद होती. आपलंही.

आता आपल्या साहित्याकडं. आपल्या कवितेनं आग दिली, शिवी दिली, नकार दिला. त्याशिवाय आपण उभेच राहिलो नसतो. पण मी माझ्याच वहीतल्या कविता मोजल्या. चाळीस. त्यांत ‘मशाल’ सतरा वेळा. मामाचं मरण एकदाही नाही, आतेभावाचं एकदाही नाही. तो मेला तेव्हा मी व्यवस्थेवर कविता लिहिली. त्याच्या गालावरचा व्रण, त्याची ती शिट्टी, लिहिलं नाही. का? तर रडणं म्हणजे कमजोरी, रडणं म्हणजे बायकी, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि बायांनी लिहून ठेवलंच होतं. बेबी कांबळेंच्या ‘जिणं आमुचं’मधे बाळंतपणात मरणाऱ्या कोवळ्या पोरी आहेत. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मधे घरात मरणं झाल्यावरही विणत राहणारी आई आहे. पोट भरायला विणते आणि दुःख सोसायलाही विणते. ही आपली शोकपरंपरा. आपण ती पुस्तकं चळवळीचा पुरावा म्हणून वाचली, रडायची शाळा म्हणून वाचली नाहीत. वाचली असती तर आत्याच्या अंगणात त्या दोन म्हाताऱ्यांच्या आधी आपण बसलो असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. वस्तीत माणूस मेलं की पहिले सात दिवस कार्यकर्त्यानं भाषण करायचं नाही. भाकरी न्यायची, अंगणात बसायचं. आठव्या दिवशी कागद मागायचे : दवाखान्याची नोंद, ऑक्सिजनचा हिशेब, मृत्यूचा दाखला. धीर पण द्यायचा आणि जाब पण विचारायचा. चर्चच्या बाया पहिलं करतात, दुसरं करत नाहीत. आपण दुसरं करतो, पहिलं करत नाही. आत्याला दोन्ही पाहिजे होतं आणि तिला अर्धंच मिळालं.

मागच्या महिन्यात आतेभावाच्या मरणाचे कागद मागायचा अर्ज आम्ही तिघांनी लिहिला. सोबत्यानं, ज्यानं तिला गद्दार म्हटलं होतं त्यानंच, आत्याला वाचून दाखवला. तिनं अंगठा उठवला. मग म्हणाली, थोडं बसा. आम्ही बसलो. संध्याकाळी त्या दोन म्हाताऱ्याही आल्या, नेहमीसारख्या. कुणी काही बोललं नाही.

जय भीम.